केस ऐकत नाहीत

पहिला पांढरा केस घरच्या आरशात कधीच सापडत नाही. घरचा आरसा आपला असतो, तो सांभाळून घेतो. पहिला पांढरा केस सापडतो ऑफिसच्या लिफ्टमध्ये, साडीच्या दुकानात नाहीतर रिक्षाच्या आरशात, म्हणजे जिथे उजेड थेट डोक्यावर पडतो आणि किंचाळायची सोय नसते. शेजारी कुणीतरी असतंच. ते कुणीतरी म्हणतं, "अय्या, पांढरा केस!" आणि पाठोपाठ, "उपटू नकोस हं, एकाचे सात होतात."

हे सात कुणी मोजले देव जाणे. एक मूळ, एक केस असा साधा मामला असतो. उपटला तर त्या जागी काही दिवसांनी तोच पांढरा केस मुकाट परत येतो, भावंडं घेऊन येत नाही. सातचा हिशेब खरा असता, तर टक्कल पडू लागलेल्या तमाम पुरुषांनी उरलेले केस उपटून कधीच पीक काढलं असतं. आमच्या ह्यांना मी हे सुचवलंही होतं. पण तोवर त्यांच्याकडे बियाणंच उरलं नव्हतं.

पूर्वी पांढऱ्या केसाला काही इभ्रत होती. रघुवंशात कालिदासाने दशरथाचं म्हातारपण पांढऱ्या केसाच्या वेषात त्याच्या कानाशी आणून उभं केलंय. ते कुजबुजतं, की बाबा रे, राज्य आता रामाच्या हाती दे. कुजबुजतं कशाला, तर कैकेयीच्या कानावर जाऊ नये म्हणून. त्यातही कानच निवडला, यावरून कालिदासाची नजर कळते, कारण हा उद्योग बहुतेकांचा कानशिलापासूनच सुरू होतो. जातककथांमध्ये मखादेव नावाचा राजा आहे. त्याने न्हाव्याला सांगूनच ठेवलं होतं, की पांढरा केस दिसला की मला कळव. न्हाव्याने सोन्याच्या चिमट्याने तो केस काढून राजाच्या तळहातावर ठेवला. राजाने त्याला गाव इनाम दिलं आणि स्वतः राज्य सोडून संन्यास घेतला.

माझा पांढरा केस ज्या पार्लरवाल्या ताईंनी प्रथम जाहीर केला, त्यांनी उलट माझ्याकडूनच इनाम घेतलं. त्याला हेअर स्पाचं पॅकेज म्हणतात. संन्यासाचं म्हणाल, तर आपल्या डोक्यावर केसांच्या बरोबरीने होम लोनही असतं आणि बँक वानप्रस्थाश्रमाचा अर्ज स्वीकारत नाही.

पण मला बोलायचंय ते रंगाबद्दल नाही. रंगाबद्दल जग बोलतं. टीव्हीवरच्या निम्म्या जाहिराती रंगाबद्दल बोलतात. केसाचा रंग गेला की सगळ्या सोसायटीला दिसतं. त्याचा स्वभाव बदललाय हे मात्र आपल्याला आणि कंगव्यालाच कळतं. आणि खरा वैताग तो स्वभावाचा आहे.

आमच्या घरी रोज सकाळी काय चालतं ते सांगते. आंघोळ करून मी भांग काढते. दोन्ही बाजूंचे काळे केस गुमान खाली बसतात. त्यांच्या मधोमध बोटभर उंचीचे काही पांढरे केस, काथ्याच्या पायपुसण्यातून सुटलेल्या धाग्यांसारखे, ताठ उभे राहतात. ओला हात फिरवला की ते वाकतात. मी साडीच्या निऱ्यांना पिन लावेपर्यंत परत उभे. मग तेलाचं बोट. तेलाने आजूबाजूचे निरपराध काळे केस चप्पट होतात आणि हे तेल लावून उभे राहतात. मग टिकटॉक क्लिप. क्लिपच्या बरोबर अलीकडून एक, पलीकडून एक. शेवटी मी डोंबिवली स्टेशन गाठते तेव्हा डब्यात माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईच्या नाकाला त्यातला एखादा गुदगुल्या करत असतो, आणि ती खिडकी लावून घेते. तिला वाटतं वारा आहे.

याला कारणं आहेत. वय वाढतं तसं टाळूच्या तेलग्रंथी काम कमी करतात. पूर्वी केसाला फुकट मिळणारं तेल बंद होतं, केस कोरडा पडतो, खरखरीत होतो. शिवाय रंग हरवलेला केस बरेचदा शेजारच्या काळ्या केसापेक्षा जाड आणि वेडावाकडा वाढतो. त्यातच बायकांच्या बाबतीत पाळी थांबायच्या सुमारास एकूण केस विरळ व्हायला लागतात. म्हणजे संख्याबळ घटतं आणि जे उरतात ते सगळे अपक्ष. त्यांना कुठल्या बाजूला वळवायचं हे कुठल्याही पक्षश्रेष्ठीला जमत नाही. पंचविशीत मी दादरच्या एका पार्लरमध्ये पैसे मोजून केस कुरळे करून घेतले होते आणि ते पहिल्या पावसात सरळ झाले होते. आता ते जागोजागी आपखुशीने कुरळे होतात आणि कुठल्याही पावसाला दाद देत नाहीत.

लहानपणी मला वाटायचं, आजी एवढा घट्ट, सुपारीएवढा अंबाडा का घालते? तिच्या कपाळाची कातडी मागे ओढली जायची. मी समजायचे ही जुनी रीत. आता कळतं की तो बंदोबस्त होता. वाटीभर खोबरेल, बारीक दातांची फणी आणि आकडे. त्यातून एकही केस सुटत नसे. घरातल्या माणसांना ती त्याच पद्धतीने सांभाळायची, पण तो वेगळा लेख होईल.

केस पांढरा होतो म्हणजे काय, हे वाचल्यावर माझी तर करमणूकच झाली. पांढरा रंग असा काही नसतोच. केसाच्या मुळाशी मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी असतात. त्या थकल्या की बिनरंगी केस बाहेर येतो आणि उजेड विखुरल्यामुळे आपल्याला पांढरा दिसतो. २००९ साली ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की वयाबरोबर केसांच्या मुळांत हायड्रोजन पेरॉक्साइड साचत जातं आणि ते निपटणारं विकर कमी पडतं. आता केस रंगवायच्या खोक्यात दोन नळ्या असतात, त्यातल्या एकीत काय असतं? हायड्रोजन पेरॉक्साइड! रोगही तेच, औषधही तेच आणि मधल्या मध्ये पैसे आपले.

"टेन्शनने केस पिकतात" हे आईचं वाक्य होतं आणि त्यातलं टेन्शन म्हणजे मी. २०२० साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी काळ्या उंदरांवर हे खरं करून दाखवलं. ताणामुळे जे रसायन सुटतं त्याने रंगपेशींचा राखीव साठाच संपून जातो, आणि उंदीर पांढरे होतात. उंदरांना ताण कसा द्यायचा, तर त्यांचा पिंजरा तिरका करायचा, अंथरूण ओलं ठेवायचं, दिवे मध्येच लावायचे, मध्येच घालवायचे. हे वाचून मी घरात नजर फिरवली. जुलै महिना होता. वाळत घातलेल्या चादरी तिसऱ्या दिवशी ओल्या, दिवे गेलेले, आणि आमच्या इमारतीच्या पायाबद्दल तर सोसायटीच्या सभेत दरवर्षीच चर्चा असते. हार्वर्डला पिंजऱ्यांवर खर्च करायचं काही कारण नव्हतं.

एका रात्रीत केस पांढरे होण्याची गोष्ट मात्र मालिकांपुरती ठेवावी. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे केस गिलोटीनच्या आदल्या रात्री पांढरे झाले असं सांगतात. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो. मेलेल्याला राणीचं दुःख कळत नाही. असं कधी झालंच तर काळे केस भराभर गळून आधीचे पांढरे उघडे पडलेले असतात, असं डॉक्टर सांगतात. उलटा प्रकार मात्र कधीकधी घडतो म्हणे. २०२१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या एका अभ्यासात लोकांच्या केसांचा रंग लांबीनुसार तपासला आणि त्यांच्या ताणाच्या नोंदींशी ताडून पाहिला. एक जण सुट्टीवर गेला, तर त्या काळात त्याचे पाच पांढरे केस पुन्हा काळे झाले. मी हे ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाच केसांसाठी महाबळेश्वर परवडत नाही."

राहिला उपाय रंगवण्याचा. आमच्याकडे त्याला कलप म्हणत, मग डाय आला आणि आता कलर. वस्तू साधारण तीच. १९०७ साली युजीन श्युलर नावाच्या तरुण फ्रेंच रसायनतज्ज्ञाने कृत्रिम रंग तयार केला आणि पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकला. पुढे त्यातूनच लोरेआल कंपनी उभी राहिली. डोंबिवलीतल्या आमच्या मोरीपर्यंत हा शोध आधी मेंदीच्या रूपाने आला. म्हणजे मेंदी त्याच्या कितीतरी आधीची, पण आम्हाला ती डायची गरीब बहीण म्हणूनच माहीत.

मेंदी राजस्थानात सोजतची चांगली. ती लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची. त्यात कुणी आवळकाठी घालतं, कुणी कात, कुणी लिंबू, कुणी दही, आमच्या शेजारच्या काकू अंडंही घालायच्या, पण ते सोवळ्यात बसत नसल्यामुळे गॅलरीत. रविवारी सकाळी जुना गाऊन, खाली वर्तमानपत्र, डोक्यावर दुधाची कापून धुतलेली पिशवी. नेमकी त्याच वेळी गॅसवाल्याने बेल वाजवायची असते. तीन तासांनी डोकं धुतलं की मोरी हिरवी, टॉवेल तपकिरी आणि केस? मेंदीतलं रंगद्रव्य केसाच्या प्रथिनाला घट्ट धरतं, हे खरं. काळ्या केसांवर ते नुसती तांबूस झाक देतं, पांढऱ्यांवर मात्र भगवी पताका. म्हणजे जे लपवायचे त्यांनाच रोषणाई होते. आमच्या भागात संध्याकाळी बागेत बसणारे काका मी ओळखते ते चेहऱ्यांवरून नव्हे. सूर्य मावळला तरी त्या कट्ट्यावर उजेड असतो.

यावर तोडगा म्हणून काळी मेंदी निघाली. मेंदीचं पान काळा रंग देत नाही, तेव्हा पाकिटात पीपीडी नावाचं डायमधलंच रसायन बहुतेक वेळा असतं. काहींना त्याची भयंकर अॅलर्जी येते. म्हणून खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की आधी कानामागे थोडं लावून ४८ तास वाट पाहा. हा मजकूर वाचायला चाळिशीचा चष्मा लागतो आणि चष्मा डाय लावताना काढून ठेवलेला असतो. शिवाय ४८ तास थांबायला वेळ कुणाकडे आहे? डाय लावतात तो उद्या लग्न आहे म्हणून. आपल्याकडे डायचं वेळापत्रक मुहूर्तावर चालतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे साखरपुड्याला लावलेला रंग लग्नापर्यंत भांगात पांढरा रस्ता सोडून निघून गेलेला असतो. मग वहिन्या-नणंदा त्या रस्त्यावर कुंकवाने, काजळाने, क्वचित बुटाच्या पॉलिशनेही डागडुजी करतात. पॉलिशची गोष्ट मी ऐकलेली आहे, पाहिलेली नाही. वास मात्र आला होता.

त्यातून माझ्या अपक्षांनी डायही नाकारला. ब्रश मारला तर थेंब ओघळून कपाळावर, कानाच्या पाळीवर, मानेवर पक्का बसायचा. केस तेवढे राखाडी. "मॅडम, तुमचे केस कलर पकडतच नाहीत," ताई म्हणायच्या आणि माझ्याकडे असं पाहायच्या की जणू मीच त्यांना फूस लावलीय.

पुरुषांचं बरं असतं हे म्हणणं अर्धंच खरं. मिलिंद सोमणने काळ्या-पांढऱ्या केसांनिशी पळून दाखवल्यापासून पिकलेला पुरुष रुबाबदार ठरला. त्याला 'सॉल्ट अँड पेपर' म्हणतात, तेच माझ्या डोक्यावर असलं की "बरं नाहीये का गं?" असं विचारतात. पण मिशीवाल्यांचे हाल बघवत नाहीत. डोकं एकवेळ टोपीखाली जाईल, मिशी कुठे ठेवाल? चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेबांचं वय दरवर्षी वाढतं आणि मिशी दरवर्षी आणखी काळी होते. काही नेत्यांच्या मिश्यांचा काळेपणा इतका ठाम असतो, की आजूबाजूचा चेहराच नंतर चिकटवल्यासारखा वाटतो.

२०२०च्या टाळेबंदीत पार्लरं बंद झाली आणि महाराष्ट्राचं खरं वय बाहेर पडलं. पडद्यावरच्या मीटिंगमध्ये दर आठवड्याला प्रत्येकाच्या भांगाची रुंदी वाढत होती आणि कुणी कुणाला बोलत नव्हतं. आमच्या साहेबांनी तर कॅमेराच बंद ठेवला, नेटवर्कचं कारण सांगून. तेव्हा मी रंगवणं सोडलं ते सोडलंच. यात काही तत्त्व वगैरे नव्हतं, कंटाळा होता. पुढचे कित्येक महिने मी वरून आजी आणि खालून कॉलेजकन्या अशी वावरले. मग खालची कॉलेजकन्या कात्रीला गेली.

लोकांना वाटतं, रंगवणं सोडलं की बाई मोकळी झाली. छे! पांढऱ्या केसांना उलट जास्त जपावं लागतं. मेलॅनिन केसाला उन्हापासून राखतं. ते नसलं की ऊन लागून केस पिवळट पडतात. "आमचे केस उन्हात पांढरे झाले नाहीत" असं ठणकावणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की उन्हात ते पिवळे होऊ शकतात. त्यावर जांभळा शाम्पू मिळतो. पिवळ्याचा जांभळ्याने काटा काढायचा. आजोबांच्या धोतराला नीळ घालायची ना, त्यातलाच हा प्रकार, फक्त निळीची पुडी काही पैशांत यायची आणि ही बाटली घेताना ह्यांना किंमत सांगायची नसते. धोतराचा नियमही इथे लागू आहे. नीळ जास्त झाली की धोतर आकाशी, शाम्पू जास्त वेळ ठेवला की डोकं वांग्याच्या फुलाच्या रंगाचं. माझ्या एका मावसबहिणीने तशाच डोक्याने हळदीकुंकू उरकलं आणि सगळ्यांना सांगितलं, की फॅशन आहे. दोघींनी तिला शेड विचारून घेतली.

आता राहिल्या सासूबाई. त्यांना ऐंशीला थोडीच वर्षं कमी आहेत आणि त्यांचे केस काळेभोर आहेत. श्रेय माक्याच्या तेलाला. परसातला माका, आवळा, जास्वंद, कढीपत्ता, मंद आंच, पितळेचं पातेलं. कृती त्या विचारणाऱ्याला सविस्तर सांगतात. महिन्यातून एका रविवारी दुपारी त्या मोरीची कडी आतून लावतात आणि तासभर बाहेर येत नाहीत. त्या दिवशी त्यांचा उशीचा अभ्रा वेगळा असतो, काळा. या विषयावर घरात कुणी बोलत नाही.

मी पांढरी झाले त्याचा खरा धक्का त्यांना बसला. "सून पांढरी नि सासू काळी, लोकांनी समजायचं काय?" असं त्या म्हणाल्या आणि मला माक्याच्या तेलाची बाटली दिली. रविवारचं बोलल्या नाहीत.

मध्ये आम्ही दोघी एसटीने साताऱ्याला एका लग्नाला निघालो. एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट, फक्त आधार कार्ड दाखवायचं. कंडक्टर आला, आमच्या दोघींच्या डोक्यांकडे पाहिलं आणि माझ्यापुढे हात केला, "आजी, आधार." त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याने समोर दिसलं तेच धरलं. मी माझं वय सांगितलं, अर्धं तिकीट घेतलं. सासूबाईंचं आधार कार्ड पर्समध्ये, प्लॅस्टिकच्या कव्हरात, हाताशी होतं. कंडक्टरने त्यांनाही विचारलं, "ताई, अर्धं ना?"

सासूबाईंनी पर्सची चेन लावली आणि सुट्टे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. जिने आयुष्यभर भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेतली, तिने. साताऱ्यापर्यंत त्या खिडकीबाहेर बघत गुणगुणत होत्या.

लग्नाच्या हॉलमध्ये पंगतीआधी एक बाई आल्या. मुलीकडच्या असाव्यात. त्या आधी माझ्या पाया पडल्या, मग सासूबाईंना नुसता नमस्कार केला आणि त्यांनाच विचारलं, "या तुमच्या मोठ्या जाऊबाई का हो?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हो."

म्हटलं, ठीक आहे. मी खुर्चीत नीट टेकून बसले, भांगातल्या अपक्षांवरून हात फिरवला, आणि मोठ्या जावेच्या थाटात म्हणाले, "अगं, जरा मठ्ठा आण बरं माझ्यासाठी. कोथिंबीर घातलेला."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. पण त्या बाई अजून समोरच उभ्या होत्या.

मठ्ठा आला.